बाबाने दिलेला मान

भिलाईच्या कॅम्प-१ मधल्या आमच्या घराला घर म्हणायची सवय आम्हाला हळूहळू लागली. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे हातभर ओटा आणि शेजाऱ्यांशी सामाईक असलेली एक भिंत, इतकी पातळ की पलीकडच्या केरळी नर्सबाईने रेडिओ लावला की तो आमच्याच घरात लागलाय असं वाटायचं. पोलादाचा कारखाना तेव्हा पुरता उभा राहिला नव्हता. दिवसभर जमिनीत खांब ठोकल्याचा धपधप आवाज यायचा, डंपर जायचे, आणि त्यांच्यामागून लाल धूळ उठून मायने वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसायची. माय धुळीला आणि कारखान्याला एकाच दमात शिव्या घालायची आणि भोंगा झाला की मुकाट्याने बाबाचा डबा भरायला बसायची. डब्यात भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि जवसाची चटणी. आम्ही साकोलीकडची माणसं, भाताशिवाय आमचं पोट भरत नाही. सकाळी मात्र माय शेजारच्या छत्तीसगढी बायकांचं बघून बासी द्यायची, म्हणजे रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेलं, वर कांदा आणि मीठ. मला ती आवडायची नाही आणि हे मी रोज सांगायचे. ताई काही न बोलता खायची, आणि वर माझ्या वाटची उरलेलीही संपवायची.

बाबा खलाशी होता. बोटीवरचा नव्हे. लोखंडाचे अवजड तुकडे साखळ्यांनी आणि पुल्यांनी वर चढवणाऱ्या माणसांना भिलाईत खलाशी म्हणतात. त्याच्या टोळीतली बहुतेक माणसं आमच्याच गावाकडची, काल-परवापर्यंत धानाच्या बांधीत वाकलेली. दोर ओढताना एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी त्या ओळीवर जोर लावायचा असं ते काम चाले, आणि ओळ म्हणणारा माणूस बाबा. त्याचा गळा गावाकडेही नावाजलेला होता. लग्नाआधी तो दंडारीत बाईचं काम करायचा. ज्यांनी दंडार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडईत भर दुपारी दंडार उभी राहते. गाणी, सोंगं, ढोलकी, आणि लुगडं नेसून बायांची कामं करणारे पुरुष. एखाद्याचं गाणं मनात बसलं की ऐकणाऱ्यांतला मानाचा माणूस उठतो, पुढे जाऊन त्याच्या हातात रुपया ठेवतो, आणि देणाऱ्याचं नाव-गाव सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारलं जातं. गाणारा तो रुपया कपाळाला लावतो. बाबाही पुढे मंडईत आवडलेल्या पोराला असा रुपया द्यायचा. बाबाला एकदा गावच्या पाटलाने असा रुपया दिला होता. ही गोष्ट तो दर दिवाळीला सांगायचा. सांगता सांगता तो मिशावाला माणूस पदर सावरल्यासारखा हात खांद्याकडे न्यायचा आणि आम्ही हसून लोळायचो. मायसुद्धा हसायची, आणि मायला हसवणं सोपं नव्हतं.

ताईचं नाव सुलोचना. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मला सगळे बेबी म्हणायचे, अजूनही म्हणतात, सत्तरी ओलांडलेल्या बाईला बेबी म्हणताना कुणाला काही वाटत नाही. ताईची शाळा सातवीनंतर सुटली आणि बाबाचा गळा तिच्याकडे आला. दुपारी नर्सबाई ड्यूटीवरून परत आली की ताई सुपात तांदूळ घेऊन त्या पातळ भिंतीला टेकून बसायची. दोनदा ऐकलं की गाणं तिचं झालं. हिंदी शब्दांचे अर्थ तिला कळायचे नाहीत, ते ती मला विचारायची, आणि मी, शाळेत जाणारी शहाणी, मला न कळणारे अर्थही ठोकून द्यायचे. ती ते खरे मानून त्या शब्दावर जरा जास्त थांबायची आणि गाणं उगीचच दुःखी व्हायचं. नर्सबाईला मराठी येत नव्हतं आणि आमच्यापैकी कुणाला तिची भाषा येत नव्हती, पण एक दिवस तिने रेडिओ उचलून आमच्या भिंतीकडच्या फळीवर ठेवला. तेव्हापासून माय तिला सणावाराला अनरसे पाठवायची. मला ताईच्या गाण्याचा हेवा वाटायचा. तो मी लपवत नव्हते, तिच्या गाण्याच्या मध्येच पाढे म्हणायला बसायचे.

त्या वर्षी ताईला शेजारच्या दुर्गचं स्थळ आलं. माणसं जातीतली, पण नागपूरकडची, दोन पिढ्या रेल्वेत. मुलाचे वडील मालगाडीवर गार्ड, महिन्यातले निम्मे दिवस लाइनवर, त्यामुळे घरचा सगळा कारभार त्याच्या आईकडे. तिला सगळे गार्डीणबाई म्हणत. मुलगा वसंत, दुर्गला तिकीट खिडकीवर बसायचा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. बघायला आले तेव्हा मायने मांडे करायचे ठरवले होते, मग ऐनवेळी पोहेच केले. गार्डीणबाईने रीतीप्रमाणे मुलीला गाणं म्हणायला सांगितलं. बहुतेक घरी मुली तेव्हा देवाचं एखादं कडवं म्हणून मान खाली घालतात. ताईने डोळे मिटले आणि रेडिओवरचं एक अवघड गाणं पुरतं म्हटलं, मधल्या वाजवण्याच्या जागासुद्धा गुणगुणून. वसंतने हातातली बशी खाली ठेवली. आईच्या देखत म्हणाला, "आमच्याकडे पेटी आहे. लग्नानंतर गाणं सोडू नका." गार्डीणबाईने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं, पण हरकत घेतली नाही, उलट आमच्या घराण्यात सुगम संगीताची आवड आहे असं म्हणाल्या. ते गेल्यावर ताई बराच वेळ ओट्यावर बसून होती. मी विचारलं, तुला नवरा आवडला का. ती म्हणाली, पेटी आहे म्हनते तो. तिला त्या घरात जायचं होतं, मनापासून जायचं होतं, आणि इतक्या उघडपणे काही हवं असलेली ताई मी त्याआधी पाहिली नव्हती.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दिवाळीनंतर ठरलं. दिवाळी आली, पण खलाशांना गावी जायला सुट्टी मिळेना, भट्टीचं काम अडलं होतं. टोळीतली माणसं आमच्या ओट्यावर बसून तंबाखू मळत नुसती हळहळायची. कोणत्या गावची मंडई आज असेल, कोणती दंडार कुणी उभी केली असेल, एवढंच बोलणं. बाबाच्या बाजूला नेहमी गोविंदाकाका असायचा, बाबाचा गावापासूनचा सोबती, तो तर मंडई चुकली म्हणून दोन दिवस जेवला नव्हता असं सांगायचा, पण आमच्याकडे जेवून. त्यांचं हे तोंड बघून की काय, कॅम्पमधल्या मराठी मंडळाने रविवारी मैदानात नागपूरचा ऑर्केस्ट्रा बोलावला. दुपारी चारला सुरू करायचा, म्हणजे सकाळच्या पाळीवाल्यांना येता यावं आणि रात्रपाळीवाल्यांना वेळेत जाता यावं. पाळ्यांच्या गावात सूर्यसुद्धा भोंग्याच्या हिशोबाने वागतो असं मला तेव्हा वाटायचं.

मंडळाच्या चिटणिसाची आणि वसंतची ओळख होती. मधे एक गाणं इथल्या मुलीला म्हणू द्या, असं वसंतनेच सुचवलं. म्हणजे ताई ऑर्केस्ट्रात गाणार होती, आणि गार्डीणबाई नागपूरहून आलेल्या आपल्या बहिणीला आणि जावांना होणारी सून दाखवायला घेऊन येणार होत्या. माय घाबरली, पण मुलाकडूनच आलेलं म्हटल्यावर तिला नाही म्हणता येईना. चार दिवस घरात भांड्यांचा आवाज करायला बंदी होती. नर्सबाईने आपली एक जांभळी साडी ताईसाठी आणून दिली आणि खुणेने सांगितलं की घोटापर्यंत नेस, वर नको.

आता मी माझं सांगते. रविवारी सकाळी बाबा अंगणात दाढी करत होता. टोळी येणार होती, सगळ्यांनी धुतलेले सदरे काढले होते. मी त्याच्यासमोर आरसा धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात काय आलं देव जाणे. मी म्हटलं, "बाबा, तू परक्या पोराइले मंडईत रुपया देतो. आपल्या ताईले नाही देशीन का?" बाबाचा वस्तरा थांबला. मग तो हसला आणि म्हणाला, "बरं आठवून देल्लं बेबे." मला त्या शाबासकीचा फार आनंद झाला. एवढंच. कुणाचं वाईट करायचं माझ्या मनात नव्हतं, पण खरं लिहायचं म्हणून बसले आहे तर हेही लिहिते, की सगळं घर चार दिवस ताईभोवती फिरत होतं आणि मलाही त्यात आपला काहीतरी हात हवा होता.

मैदानात पुढे खुर्च्या आणि मागे ताडपत्र्या अंथरल्या होत्या. खुर्च्यांवर बाबू लोक, मास्तर, आणि दुर्गहून आलेली गार्डीणबाईची मंडळी. पाच खुर्च्या, मधोमध. वसंत कडेच्या खुर्चीवर. मायला आणि मला त्यांच्या मागच्याच रांगेत बसवलं होतं. खलाशी ताडपत्रीवर. ऑर्केस्ट्रावाल्यांनी सगळ्यांनी एकसारखे चकचकीत कोट घातले होते, आणि अकॉर्डियन, ट्रम्पेट, बोंगो असली वाद्यं आमच्यापैकी अनेकांनी पहिल्यांदाच पाहिली. ट्रम्पेट वाजल्याबरोबर मागची पोरं किंचाळली. खांब ठोकायचं काम त्या रविवारी बंद होतं, त्यामुळे मला भिलाईत आल्यापासून पहिल्यांदा त्या धपधपीशिवाय काही ऐकू येत होतं. निवेदक नागपूरचाच, पण बोलायचा हिंदीतून, दर वाक्याला शेर नाहीतर कोटी. मग नकला झाल्या, आगगाडीचा आवाज झाला, गार्डीणबाईसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसल्या. मागे वळून मायला म्हणाल्या, छान चाललंय नाही. मायने मान हलवली. त्या दुपारी आम्ही सगळे एकाच लग्नाचे वऱ्हाडी आहोत असं वाटत होतं.

ताईचं नाव पुकारलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. ती आली, नर्सबाईच्या साडीत, आणि माइकपासून हातभर लांबच उभी राहिली. एका वादकाने तिला हात धरून पुढे केलं. पहिली ओळ तिने जरा बिचकत घेतली. दुसऱ्या ओळीला अकॉर्डियनवाल्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि मग तो तिच्यामागे चालायला लागला, ती त्याच्यामागे नाही. मी तिचं गाणं भिंतीला टेकून बसलेलं ऐकलं होतं, तांदळातल्या खड्यांबरोबर. ते एवढं मोठं असेल याची मला कल्पना नव्हती. हेवा वगैरे सगळा कुठल्या कुठे गेला आणि मी ढसाढसा रडायला लागले, मायने मला चिमटा काढला. समोर वसंत पुढे झुकून बसला होता, कोपर गुडघ्यावर. गार्डीणबाईच्या बहिणीने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गार्डीणबाईच्या मानेला ताठा आला, अभिमानाचा. गाणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या.

आणि बाबा उठला. धुतलेला सदरा, डोक्याला फेटा, चालताना हात मांडीला चिकटवलेले, जसा तो साहेबापुढे जायचा तसा. खुर्च्यांच्या मधून वाट काढत तो मंचाजवळ गेला. त्याने निवेदकाला खुणेने खाली बोलावलं आणि आपलं नाव सांगितलं. दंडारीत एवढंच सांगायचं असतं, नातं सांगायची गरज नसते, ते सगळ्या गावाला माहीत असतं. निवेदकाला काय माहीत. त्याने माइक तोंडाजवळ नेला आणि डोळा मारून म्हणाला, "क्या बात है, कैंप वन के लहानूजी मिस सुलोचना की अदा पर खुश होकर एक रुपया नज़र करते हैं।" बोंगोवाल्याने त्यावर एक तडाखा दिला. बाबाला अदा कळली नाही. त्याने हात उंच करून रुपया ताईपुढे धरला. आणि ताई, जिने लहानपणापासून मंडया पाहिल्या होत्या, जिला बापाचा मान कसा घ्यायचा ते माहीत होतं, तिने वाकून तो घेतला आणि कपाळाला लावला. बाबाचं तोंड मी तेव्हा पाहिलं. इतका सुखी माणूस मी नंतर कधी पाहिला नाही.

मग गोविंदाकाका उठला. मग टोळीतला प्रत्येक जण. मंडई चुकलेली ती माणसं रांगेने पुढे जायला लागली, आपापलं नाव सांगायला लागली, आणि निवेदकाची जीभ सुटली. प्रत्येक नावाला ट्रम्पेटचा एक झटका. प्रत्येक रुपयाला ताई कपाळाला हात लावायची, कारण ते काका होते, मामा होते, तिला अंगाखांद्यावर खेळवणारे. मैदानाच्या मागच्या बाजूला उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांना आणि ठेकेदारांच्या माणसांना मात्र हे दुसरंच काही वाटलं. त्यांच्यातून शिट्ट्या आल्या, मग नाणी आली, मग कुणीतरी ओरडलं की नाचायला सांगा. निवेदक हसत हसत म्हणाला की पब्लिकची फर्माइश आहे, आणखी एक. ताईला वाटलं हा सगळा मानच आहे. तिने दुसरं गाणं सुरू केलं.

गार्डीणबाई उठल्या. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, बहिणीला खूण केली आणि आमच्याकडे न बघता बाहेरच्या बाजूला निघाल्या. जावा त्यांच्यामागे. वसंत थोडा वेळ बसून राहिला. मला वाटलं हा राहील. मग आईने लांबून त्याच्याकडे पाहिलं आणि तोही उठला. जाताना त्याने मंचाकडे पाठ केली ती केलीच. ताई गात होती. तिने समोरच्या पाचही खुर्च्या रिकाम्या झालेल्या पाहिल्या, तिचे डोळे त्या खुर्च्यांवर होते हे मला दिसत होतं, आणि तरी ती कुठे चुकली नाही, कुठे थांबली नाही, गाणं जिथे संपतं तिथेच तिने संपवलं. लोकांनी पुन्हा शिट्ट्या मारल्या.

बाबा घरी येताना जलेबी घेऊन आला. त्याला काहीच कळलं नव्हतं. पाहुण्यांना गाडी गाठायची असेल, असं तो म्हणाला. गोविंदाकाका आणि टोळीला ओट्यावर बसवून त्याने सगळ्यांना जलेबी वाटली आणि पाटलाच्या रुपयाची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी तिला नवा शेवट होता. माय चुलीपाशी तोंडात पदर घालून बसली होती. ताईने नर्सबाईची साडी घडी करून परत दिली आणि तांदूळ धुवायला घेतले. मी अकरा-बारा वर्षांची होते, पण शाळेत बाबू लोकांच्या मुलींबरोबर बसत असल्यामुळे मला घरात सगळ्यांत आधी कळलं होतं की काय झालं आहे. मी बोलले नाही. माझ्या पानातली जलेबी मी पूर्ण खाल्ली, हेही आठवतं.

परवा कुम्हारीजवळच्या एका हॉलमध्ये शेजाऱ्यांच्या मुलीचं संगीत होतं, हल्ली लग्नाआधी हे असतं. नवरी नाचत होती आणि तिचा बाप तिच्या डोक्यावरून नोटा ओवाळून उडवत होता. सासूही उडवत होती. सगळे मोबाइलवर चित्रण करत होते आणि एकमेकांना सांगत होते, काय प्रेम आहे बघा. मी जेवण न करता घरी आले. सुनेला वाटलं माझा बीपी वाढला.

ऑर्केस्ट्रानंतर तिसऱ्या दिवशी दुर्गहून निरोप आला की साक्षगंधाचं राहू द्या. बाबा त्याच दुपारी सायकल काढून निघाला. मला पुढच्या दांडीवर बसवलं, पोरगी सोबत असली की माणसाला घरात घेतात असं त्याला वाटलं असावं. गार्डीणबाईने आम्हाला घरात घेतलं, पाणीही दिलं. गार्डसाहेब लाइनवर होते. बाबा खाली सतरंजीवर बसला, खुर्ची असून. त्याने सगळं समजावून सांगितलं, मंडई काय, दंडार काय, पाटलाने आपल्याला रुपया कसा दिला होता तेही. त्या बाईसमोर आपण लुगडं नेसून नाचायचो हे सांगताना त्याला जरासुद्धा संकोच वाटला नाही. मला मात्र जमिनीत जावंसं वाटत होतं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचं तोंड आणखी आणखी बंद होत गेलं.

"बाई, तो मान असते आमच्याकडे," बाबा म्हणाला.

"असेल," गार्डीणबाई म्हणाल्या. "पण आमच्याकडच्या बायकांनी काय पाहिलं? बाप पोरीवर पैसे उधळून राहिला आणि पोरगी सलाम करून घेऊन राहिली. माझी बहीण नागपुरात कोणाकोणाला सांगेल, तुम्हीच विचार करा."

वसंत आतल्या दारात उभा होता. त्याच्या मागे भिंतीशी पेटी होती, वर भरतकामाचं कापड घातलेली. बाबाने त्याला हात जोडले. म्हणाला, तुमाले त गानं आवडलं होतं साहेब, तुमीच सांगा. वसंतने आईकडे पाहिलं, मग चपला शोधू लागला. ड्यूटीची वेळ झाली, एवढं म्हणून तो आमच्या शेजारून निघून गेला. सदऱ्याला पेन लावायचं मात्र विसरला नाही.

येताना बाबाने वाटेत एका पुलियाजवळ सायकल थांबवली आणि तो बसला. मी वाट बघत होते की आता तो मला म्हणेल, तूच मले सांगतलं होतं. तो म्हणाला नाही. सायकल पुन्हा हातात धरताना म्हणाला, "आपल्याले कोनी सांगत नाही, कुठी काय करा लागते. तू शिकून घे बेबे." मी हो म्हटलं. घरी पोचल्यावर त्याने सायकल भिंतीला लावली आणि आत जाऊन ताईला सांगितलं की आजपासून या घरात गाणं नको. हे त्याने ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला, माफी मागितल्यासारखा, आणि तरी शब्द फिरवला नाही. माझा बाप चांगला माणूस होता असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण आपली चूक झाली एवढं तोंडाने म्हणायच्या ऐवजी त्याने पोरीचा गळा बंद केला, आणि हे मी त्याला आजही माफ केलेलं नाही. नर्सबाई पलीकडून रेडिओ लावायची. माय भिंतीवर दोन थापा मारायची, की ती बिचारी बंद करायची. तिला वाटलं असेल आपलं काही चुकलं.

फाल्गुनात ताईचं लग्न झालं, साकोलीकडेच, आमच्या गावापासून तीन कोसांवर. नवरा वाईट नव्हता. शेती होती, सासू होती, म्हशी होत्या. लग्नाच्या वरातीत वाजंत्री लावायची नाही असं बाबाने स्वतः सांगितलं आणि लोकांना वाटलं घरात काही सुतक आहे. मी मात्र शिकले. बाबाने ओव्हरटाइम करून मला मॅट्रिक केलं, मग पुढे, मग मी मास्तरीण झाले, कुरुदला घर बांधलं. कुठे काय करायचं असतं ते सगळं मला येतं. ताई माझ्या लग्नाला आली, मुलांच्या बारशांना आली, घर बांधलं तेव्हा आली, आणि दर वेळी त्याच दिवशी दुपारच्या गाडीने परत गेली. म्हशींचं दूध काढायचं आहे, म्हणायची. मला ते खरं वाटायचं. एक रात्र ती माझ्याकडे राहिली नाही, साऱ्या आयुष्यात, आणि मी इतकी शिकलेली बाई, मला त्याचं कधी नवल वाटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ती अंथरुणाला खिळली म्हणून मी गावी गेले. तिचा मुलगा शेतावर होता, सून चहा ठेवून अंगणात गेली होती. ताई खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. तिचा हात मी हातात घेतला आणि इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं तिला सांगितलं, की तो रुपया बाबाच्या डोक्यात मी घातला होता, त्या सकाळी, आरसा धरून. मला वाटत होतं ती म्हणेल, जाऊ दे, तू लहान होती. तेवढंच ऐकायला मी तिथवर गेले होते.

"मले माहीत हाय," ताई म्हणाली. "जलेबी आनली ना, त्याच दिवशी बाबानं सांगतलं. म्हने, बेबीनं आठवून देल्लं, नाही त मी बसूनच रायलो असतो. लय खुश होता."

मी विचारलं, मग तू मला कधी बोलली कशी नाहीस.

"कावून बोलू? तू शिकून रायली होती." मग तिने माझ्या हातातला आपला हात सोडवून चादरीखाली घेतला. "मले तुयं तोंड पाहावसं वाटे नाही, बेबे. येत होती मी, लोकाइसाठी." सून चहा घेऊन आली. ताईने तिला विचारलं की मावशीची गाडी किती वाजता आहे. गाडी चारची होती. मी दोनला निघाले आणि दोन तास फाट्यावर उभी राहिले.